मासिक व्याख्यान लाईव्ह करायचंय, पण मग हॉलमध्ये येणार कोण? (पुणे)

चिटणीसबाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं सदाशिव पेठेत एक छोटंसं मंडळ आहे, नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला व्याख्यान असतं, कधी इतिहास, कधी मधुमेह, कधी कुणीतरी नर्मदा परिक्रमा करून आलेलं असतं ते. मग चहा आणि मारी बिस्किटं. पस्तीस-चाळीस डोकी असतात. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या उंच, आणि भाडं इतकं कमी की दुसरीकडे जायचा विषय काढला की आमचे खजिनदार कानात कापूस घालून बसतात.

आता झालंय असं की सभासद म्हातारे होतायत. निम्म्यांचे वाडे रिडेव्हलपमेंटला गेले आणि ते वाकड, उंड्री, आंबेगाव असे पांगले, शनिवारी संध्याकाळी तिकडून पेठेत यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये अर्धा जीव जातो. जे पेठेतच आहेत त्यांचे गुडघे गेलेत. गेल्या महिन्यात आमचे एक सभासद, वय ८४, मंडळाच्या पहिल्या मीटिंगपासूनचे, पहिल्या लँडिंगपर्यंत चढले आणि पुढे काही चढवेना. वॉचमनने स्टूल आणून दिलं. वरचं दार गरम होतंय म्हणून उघडंच होतं, त्यामुळे स्पीकरचा आवाज खाली येत होता, तर हे गृहस्थ दीड तास त्या स्टुलावर बसून ऐकत राहिले. मला कळलं ते कार्यक्रम संपल्यावर खाली उतरताना. मला म्हणाले, "विषय छान मांडला हो, फक्त वक्ता कसा दिसतो तेवढं कळलं नाही."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कमिटीच्या ग्रुपवर टाकलं की आपण लाईव्ह करूया. त्यावर जे रामायण सुरू झालं ते अजून चालू आहे. खजिनदारांचं म्हणणं, घरबसल्या फुकट मिळायला लागलं तर तो जिना चढून मरायला कोण येईल, आणि ५०० रुपये वर्गणी तरी का भरेल. अध्यक्ष म्हणतात माझ्या नातवाला सांगतो, तो मोबाईलवर करून देईल. नातू बारावीत आहे, त्याची आई मला वेगळा फोन करून म्हणाली कृपया त्याला यात ओढू नका.

तर साधे प्रश्न आहेत. मोबाईलवर हे नीट होतं का, की कॅमेरा वगैरे भाड्याने आणावा लागेल (बजेट म्हणाल तर पाच हजार, तेही खजिनदारांचा मूड बरा असला तर). वक्त्यांची काही लेखी परवानगी लागते का. आणि खरंच हॉल रिकामा होतो का, कुणाचा अनुभव असेल तर सांगा, कारण ती भीती थोडी मलाही आहे, खोटं कशाला बोलू.

अर्धवट_इंजिनिअर

रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहितो.

मिक्सरमामा

ताई, कॅमेऱ्याचा विचार सध्या पूर्ण बाजूला ठेवा. मी वीस वर्षं साऊंडमध्ये आहे, लग्नं, संगीत, गणपती, व्याख्यानं सगळं केलंय, आणि छातीठोक सांगतो, चित्र जरा धूसर असलं तर माणूस कुरकुर करत का होईना बघतो पण आवाज घुमला की दोन मिनिटांत पळतो. तुमच्याकडे तर लोक ऐकायलाच येतात, त्या आजोबांनी दीड तास नुसता आवाज ऐकला ना, मग झालं.

सगळे काय करतात, मोबाईल ट्रायपॉडवर लावून हॉलच्या मागे उभा करतात आणि त्याच्याच माईकने आवाज घेतात. मोबाईलच्या जवळ काय असतं? पंखा. शेवटच्या रांगेतले खोकणारे काका. पिशवीचा करकर आवाज करत चकली काढणाऱ्या मावशी. वक्ता पन्नास फुटांवर. मग घरी बसलेल्याला पंखा आणि चकली ऐकू येते.

म्हणून आवाज थेट साऊंड सिस्टीममधून घ्यायचा. हॉलमध्ये मिक्सर असेल तर त्याला रेक आऊट किंवा ऑक्स (आवाज बाहेर काढायचं भोक) असतो. मिक्सर नसेल, नुसता आहुजाचा अँप्लिफायर असेल (बहुतेक तोच असणार), तर त्याच्या पाठीमागे बघा, बऱ्याच मॉडेलना लाईन आऊट असतो. तिथून घ्या. स्पीकरच्या टर्मिनलमधून घेऊ नका, हे मुद्दाम ठळक लिहितोय कारण एका पठ्ठ्याने माझ्या डोळ्यांदेखत ते केलंय, तिथे ७० किंवा १०० व्होल्टची लाईन असते, मोबाईल गेलाच समजा. आणि लाईन आऊटसुद्धा डायरेक्ट मोबाईलच्या हेडफोन भोकात घालायचा नाही, लाईनचा सिग्नल मोबाईलच्या माईकला झेपत नाही, आवाज फाटतो. मध्ये लाईन इन असलेलं छोटं यूएसबी साऊंड कार्ड लागतं. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा, विचारा, मिळेल, नुसतं माईकच्या भोकाचं घेऊन येऊ नका. मोबाईलपेक्षा लॅपटॉप असेल तर अजून सोपं.

घूंऽऽऽ असा आवाज यायला लागला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला तर समजायचं अर्थिंगचा घोळ आहे, मध्ये ग्राऊंड लूप आयसोलेटर टाकायचा, छोटी डबी असते.

आता यातली गोम सांगतो. थेट सिस्टीममधून आवाज घेतला की जे माईकमध्ये बोललं जाईल तेच घरी पोचतं. म्हणजे प्रश्नोत्तरं सुरू झाली की घरच्या माणसाला अशी शांतता, मग वक्ता "हो हो, अगदी बरोबर" म्हणतो, परत शांतता. आणि पुण्यात प्रत्येक हॉलमध्ये एक तरी माणूस असतोच की जो माईक पुढे केला की हात आडवा करून म्हणतो, "मला माईकची गरज नाही, माझा आवाज खणखणीत आहे." त्याला सांगायचं, काका, तुमचा आवाज हॉलला पुरतो, वाकडला पुरत नाही. हातातला एक कॉर्डलेस माईक फक्त प्रश्नांसाठी ठेवा आणि एक माणूस तो घेऊन पळायला ठेवा. ते जमत नसेल तर वक्त्याला आधीच सांगून ठेवा की उत्तर देण्याआधी प्रश्न स्वतः माईकमध्ये परत बोला.

संगमनेरी_पाहुणा

मी पलीकडच्या बाजूचा. रिटायर होऊन गावी आलो चार वर्षांपूर्वी, त्याआधी तीस वर्षं पुण्यात, व्याख्यान आणि मी असं समीकरण होतं. आता जे काही लाईव्ह असेल ते बघतो. म्हणून बघणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण ही बाजू कुणी विचारतच नाही.

एका संस्थेचा कार्यक्रम होता (नाव नको), मी अर्धा तास आधीपासून लिंक उघडून बसलेलो. सहाला चित्र आलं. दीपप्रज्वलन दिसलं, हार दिसले, कुणीतरी बोलतंय दिसलं. आवाज नाही. मी माझा फोन वाजवून बघितला, हेडफोन लावून बघितला, सुनेला बोलावलं, तिने फोन बंद करून चालू केला. मग खाली चॅटमध्ये बघतो तर बारा-पंधरा लोक तेच लिहितायत, "आवाज येत नाही", "ऑडिओ प्लीज", "साऊंड???" कुणीतरी नागपूरहून, कुणीतरी न्यू जर्सीहून. चाळीस मिनिटं आम्ही एकमेकांना आवाज नाही आवाज नाही म्हणत बसलो आणि तिकडे स्टेजवरून अध्यक्ष हात हलवत बोलतायत, मागे एक माणूस मोबाईलसमोरून चहाचा ट्रे घेऊन जाताना दिसला. माझ्याकडे त्यांच्या कार्यवाहांचा नंबर होता, तीन वेळा फोन केला. नंतर कळलं, फोन सायलेंटवर खिशात होता, कार्यक्रमात वाजू नये म्हणून!

तेव्हा ताई, तुम्ही काहीही करा पण हॉलमध्ये एक माणूस असा ठेवा की ज्याचं काम फक्त आमच्याकडे बघणं. त्याने कॅमेरा चालवायचा नाही, हार द्यायचे नाहीत. दुसऱ्या मोबाईलवर, हॉलच्या वायफायवर नाही तर स्वतःच्या नेटवर, कानात हेडफोन घालून तोच कार्यक्रम बघायचा, आमच्यासारखा. चॅट वाचायचं. आवाज गेला तर उठून सांगायचं. प्रश्न आला तर चिठ्ठीवर लिहून द्यायचा. बास.

अजून एक. वक्ता स्क्रीनकडे बोट करून म्हणतो "इथे बघा, हा जो ताम्रपट आहे", आणि कॅमेरा त्याच्या तोंडावर. आम्ही काय बघू, बोट? स्लाईड असतील तर पीडीएफ ग्रुपवर आधी टाका. आणि मी बऱ्याच वेळा १४४पी वर बघतो, गावात रेंज तेवढीच येते संध्याकाळी. त्यात चेहरा कळत नाही पण आवाज अगदी नीट येतो. मिक्सरमामांना +१००.

पेठेतला_जुना

तुमच्या खजिनदारांना माझा नमस्कार सांगा. शहाणा माणूस.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांनी एकत्र येऊन बसावं, ऐकावं, भांडावं म्हणून. व्याख्यान हे निमित्त असतं हो. खरी मजा नंतर जिन्यात उभं राहून वक्त्याचं कसं चुकलं ते सांगण्यात असते. ते तुमच्या युट्यूबवर कसं देणार? माणूस घरी सोफ्यावर पडून एका कानाने व्याख्यान ऐकणार, मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच सिरियल. दहा मिनिटांनी बंद. आणि तुम्ही इकडे खूश, ३०० व्ह्यूज आले म्हणून. त्यातले किती जण शेवटपर्यंत होते ते बघा एकदा.

चाळीसातले दहा जरी घरी राहिले ना, तरी हॉल ओका वाटायला लागतो, मग उरलेल्या तिसातलेही दहा कंटाळतात. वक्त्यालाही रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलायला रंग येत नाही. मी अशी दोन मंडळं बंद पडताना बघितली आहेत. लाईव्हमुळेच पडली असं म्हणत नाही, पण हातभार लागला.

त्या आजोबांना चार जणांनी खुर्चीसकट उचलून वर न्या. पूर्वी नेत होतेच की.

चिटणीसबाई

@पेठेतला_जुना, चार उचलणारे आणायचे कुठून? आमच्यात सगळ्यात तरुण मी, वय ५८ :)

पण तुमचा जिन्यातल्या गप्पांचा मुद्दा पटला. म्हणूनच तर अडलंय.

@मिक्सरमामा, हॉलमधला अँप्लिफायर आहुजाच निघाला. फोटो काढून आणलाय. मागे लाईन आऊट आहे असं भाचा म्हणतो, पण त्यावर वीस वर्षांची धूळ आहे.

@संगमनेरी_पाहुणा, तुमचं वाचून पोटात कालवलं. त्या कार्यवाहांच्या जागी मीच दिसले मला, माझाही फोन कायम सायलेंटवर असतो.

अर्धवट_इंजिनिअर

आलो. रुमाल उचलतो.

नेटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून तेच लिहितो. स्पीड टेस्ट केली की लोक डाऊनलोडचा आकडा बघून खूश होतात, इथे लागतो अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर पाठवायचा वेग. ७२०पी (मध्यम दर्जाचं चित्र) पाठवायचं तर साधारण अडीच ते चार एमबीपीएस धरा, आणि टेस्टमध्ये त्याच्या दुप्पट तरी स्थिर दिसला पाहिजे. हिशोब बघा, अडीच एमबीपीएसने दोन तास म्हणजे सव्वा दोन जीबीच्या आसपास, म्हणजे रोज दीड-दोन जीबी मिळणारं सिमकार्ड ऐन प्रश्नोत्तरांत राम म्हणणार. वेगळा डेटा पॅक मारून ठेवा. १०८०पी च्या नादी लागू नका, व्याख्याता जागचा हलत नाही, काय करायचंय एवढं. वायफायवर तर अजिबात भरवसा नको, कारण हॉलमधले चाळीस लोक त्याच वायफायवर सुप्रभातचे फोटो डाऊनलोड करत असतात. वायर टाकता आली तर सोन्याहून पिवळं.

टेस्ट कार्यक्रमाच्याच वाराला, त्याच वेळेला करा. सकाळी अकराला मोकळ्या हॉलमध्ये टॉवर तुमच्या एकट्याचा असतो, शनिवारी सहाला लक्ष्मी रोडची सगळी गर्दी त्याच टॉवरवर. आणि कृपा करून रंगीत तालीम गुरुवारी ठेवू नका, मी ठेवली होती एकदा. पुण्यात राहून गुरुवार विसरलो! लाईट नाही, पाणी नाही, मी आणि ट्रायपॉड अंधारात.

युट्यूबचं सांगतो. चॅनेलवर लाईव्ह पहिल्यांदा सुरू करायचं तर फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो आणि त्यानंतर चालू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणजे शनिवारी पाचला चॅनेल काढून सहाला लाईव्ह होणार नाही. मोबाईल ॲपवरून लाईव्ह करायला ५० सबस्क्रायबर लागतात, लॅपटॉपवरून ती अट नाही. तुमचे चाळीस सभासद आणि त्यांची मुलं धरली तर पन्नास होतीलच, पण मी म्हणेन लॅपटॉपच घ्या आणि त्यावर ओबीएस टाका, लाईव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. ओबीएसमध्ये लाईव्हसोबत रेकॉर्डिंगही चालू ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी व्याख्यान वाचतं. रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा, एमपी४ मध्ये केलं आणि मध्येच लॅपटॉप बंद पडला तर फाईल उघडत नाही.

लिंक अनलिस्टेड ठेवता येते, म्हणजे ज्याच्याकडे लिंक त्यालाच दिसतं, सर्चमध्ये येत नाही. खजिनदारांना सांगा, लिंक फक्त सभासदांच्या ग्रुपवर. (अर्थात कुणीतरी ती फॉरवर्ड करणारच, पण खजिनदारांना तेवढं सांगू नका.) फेसबुकवर करत असाल तर लक्षात ठेवा, फेब्रुवारी २०२५ पासून तिथले नवीन लाईव्ह व्हिडिओ ३० दिवसांनी आपोआप निघून जातात, तेव्हा आधी उतरवून घ्या. झूम फुकटातलं ४० मिनिटांत बंद होतं, म्हणजे वक्त्याचा परिचयच जेमतेम संपेल.

आणि उशीर! युट्यूबवर चित्र पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त मागे असतं. वक्त्याने "घरून कुणाचा काही प्रश्न?" विचारलं, पाच सेकंद थांबला आणि "नाही ना, मग थांबूया" म्हणाला, तर घरच्या माणसाने अजून प्रश्न ऐकलेलाच नसतो. वक्ता आभार मानत असताना तिकडून प्रश्न येतो. म्हणून घरचे प्रश्न भाषण चालू असतानाच व्हॉट्सअपवर मागवा.

ता.क. मोबाईलवरूनच करणार असाल तर फोन आडवा करून मगच लाईव्ह सुरू करा आणि कॉल येऊ शकणार नाही असं सेटिंग करा. एका सत्कारात मध्येच जावयाचा फोन आला होता. सत्कार अडला.

अर्धी_वकील

परवानगीचा प्रश्न राहून गेला. लागते, आणि लेखी घ्या.

आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात 'परफॉर्मर'ची व्याख्या आहे, त्यात नट, गायक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्ती असे सगळे एका ओळीत बसवलेत. हो, गारुडी आणि व्याख्याता शेजारी शेजारी. (वक्त्यांना हे सांगू नका, विशेषतः मोठ्या.) थोडक्यात, व्याख्यानाचं रेकॉर्डिंग करणं आणि ते लोकांपर्यंत पोचवणं यावर वक्त्याचा हक्क आहे. फार मोठा करार नको, निमंत्रणाच्या पत्रातच दोन ओळी घाला: कार्यक्रम थेट दाखवणार आहोत, नंतर अमुक महिने चॅनेलवर राहील, मान्य असल्यास सही करावी. काही वक्ते म्हणतील लाईव्ह चालेल पण नंतर ठेवू नका, कारण ते तेच व्याख्यान पुढच्या महिन्यात डोंबिवलीत देणार असतात. त्यांचं बरोबर आहे, ऐका त्यांचं. डॉक्टर मंडळी असतील तर पेशंटचे फोटो स्लाईडवर नसतील एवढं आधी विचारून घ्या, हॉलमध्ये चाळीस लोकांनी बघणं वेगळं.

श्रोत्यांसाठी दारात एक पाटी लावा की चित्रीकरण चालू आहे, आणि डावीकडच्या चार रांगा कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा ठेवा. माझी एक मावशी कुठे जाते हे घरी कळू नये म्हणून व्याख्यानाला जायची, असेही लोक असतात.

चहाच्या वेळी स्पीकरवर जुनी नाट्यगीतं लावायची सवय असेल तर लाईव्ह आधी बंद करा. युट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा लाईव्ह चालू असतानाही काम करते, तुमच्या चित्राच्या जागी स्थिर चित्र येऊ शकतं, ऐकलं नाही तर लाईव्ह थांबूही शकतं. ईशस्तवन कुणाकडून तरी प्रत्यक्ष म्हणवून घ्या, छान वाटतं.

वार्षिक सर्वसाधारण सभा मात्र अशी दाखवू नका. लाईव्ह बघणं म्हणजे हजेरी नव्हे, बघणाऱ्याला बोलता येत नाही, हात वर करता येत नाही. कंपन्यांना २०२० मध्ये व्हिडिओवरून सभा घ्यायची मुभा दिली तेव्हाही दोन्ही बाजूंनी बोलता आलं पाहिजे अशीच अट होती. तुमच्या घटनेत काय लिहिलंय ते बघा आधी.

अवांतर: सुप्रीम कोर्टाने सुनावण्या लाईव्ह दाखवायला तत्त्वतः हो म्हटलं २६ सप्टेंबर २०१८ ला, आणि घटनापीठाच्या सुनावण्या प्रत्यक्ष दिसायला लागल्या २७ सप्टेंबर २०२२ ला. चार वर्षं. तुमच्या कमिटीने अजून दोन मीटिंगा घेतल्या तर बिघडत नाही.

कमी_ऐकू_येतं

सगळे आवाजावर बोलतायत म्हणून लिहितो. मला दोन्ही कानांना यंत्र आहे. हॉलमध्ये मला निम्मंच कळतं, घुमतं फार. घरी लाईव्ह मी यंत्राला ब्लूटूथने जोडतो आणि शब्दन् शब्द कळतो, नाही कळलं तर मागे नेऊन परत ऐकतो. आयुष्यात पहिल्यांदा व्याख्यानात दुसऱ्यांबरोबर हसलो, म्हणजे वीस सेकंद उशिरा, पण हसलो. लाईव्ह म्हणजे न येणाऱ्यांची सोय एवढंच समजू नका, मी हॉलच्या गल्लीत राहतो.

वक्त्याचा चेहरा जवळून दाखवा, ओठ दिसू द्या. माईक तोंडासमोर धरला की ओठ झाकतात, कॉलरचा माईक बरा. सांकेतिक भाषेचे दुभाषे कधी आणलेत तर त्यांना कायम फ्रेममध्ये ठेवा, मध्येच प्रेक्षक दाखवायला कॅमेरा फिरवला की त्यांचं वाक्य तुटतं.

पेठेतला_जुना

वरचा प्रतिसाद वाचला. माझं कुकरवालं वाक्य मागे घेतो. बाकीचं तसंच ठेवतो.

मिक्सरमामा

@चिटणीसबाई, त्या लाईन आऊटमध्ये आधी कापसाने थोडं कॉन्टॅक्ट क्लीनर फिरवा, अँप्लिफायर बंद करून. नाहीतर खरखर येईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. शनिवारी मी मोकळा असलो तर येऊन लावून देतो, चहा पाजा.

चिटणीसबाई

सहा आठवड्यांनी परत येतेय, ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना काय झालं ते सांगायला हवं.

झालं एकदाचं. भाच्याचा लॅपटॉप, ओबीएस, मिक्सरमामा खरंच आले (दोन चहा झाले). साऊंड कार्ड, वायर, डेटा पॅक आणि पुतण्याकडून उसना ट्रायपॉड धरून पाच हजारांच्या बरंच आत बसलं, खजिनदारांनी बिलं दोनदा तपासली. घरच्यांकडे बघायला कोण बसणार यावर वाद झाला कारण सगळ्यांनाच पुढे बसायचं होतं, शेवटी खजिनदार म्हणाले मी बसतो, बघू तरी किती लोक फुकट बघतायत. कानात हेडफोन घालून दीड तास बसले होते. दहाव्या मिनिटाला तेच उठून ओरडले, "आवाज बारीक झालाय!" वक्त्यांनी बोलता बोलता माईक खाली केला होता.

हॉलमध्ये ३४ लोक, म्हणजे नेहमीपेक्षा दोन-चार कमी, पाऊसही होता. एका वेळी जास्तीत जास्त १९ बघत होते, शेवटी १२ उरले. @पेठेतला_जुना, तुम्ही म्हणालात तसं शेवटपर्यंतचा आकडाच बघितला. व्हॉट्सअपवर पाच प्रश्न आले, त्यातला एक उंड्रीहून आमच्या जुन्या सभासद बाईंचा, चार वर्षांत त्यांचा आवाज ऐकला नव्हता, म्हणजे प्रश्न मीच वाचून दाखवला, पण हॉलमधल्या तिघी एकदम म्हणाल्या, "अगं ही अजून अशीच प्रश्न विचारते!" त्या रात्रीच त्यांना तिघींचे फोन गेले.

एक गोष्ट फसली. प्रश्नोत्तरांत खणखणीत आवाजवाले काका उभे राहिले आणि माईक घेतलाच नाही. आम्ही काही बोलायच्या आत खजिनदार मागून म्हणाले, "माईक घ्या हो, बाहेरगावचे लोक बसलेत." काका चपापून गप्प बसले, प्रश्नच विचारला नाही. त्यांची समजूत काढायची राहिलीय.

स्टुलावरच्या आजोबांना मुलीने टीव्हीवर लावून दिलं होतं. रात्री साडेनऊला त्यांचा व्हॉट्सअपला मेसेज, त्यांच्या सवयीप्रमाणे पूर्णविरामासकट. "चित्र व आवाज उत्तम. वक्त्यांच्या डोक्यामागील भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला की नाही, हे त्यामुळे कळत नाही."

हॉलवाल्यांना सांगितलंय. ते म्हणाले ते घड्याळ गेली कित्येक वर्षं तसंच आहे, आजवर कुणी तक्रार केली नाही. आता पुढच्या दुसऱ्या शनिवारआधी शिडी कुठून तरी मिळवायचीय.